दादाचे तीन प्रश्न

रविवारी दादाने भिंगरीच्या कोपऱ्यात उभं राहू नये, हा एकच विचार भिंगरीच्या आईच्या डोक्यात भुंग्यासारखा घुमत होता. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवताना, घरी कपडे वाळत घालताना, बसच्या रांगेत, कुठेही. झटकून टाकावा तर दुसऱ्या दाराने परत आत. आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण इतकी वर्षं जगाला तीच ऐकवत आली होती, "पोरगी बॉक्सिंग करते, पण मला घोर नाही. कोपऱ्यात माझा भाऊ असतो."

दादा हा तिचा थोरला भाऊ, भिंगरीचा मामा. भाचीचं ऐकून सगळा क्लबच त्याला मामा म्हणायला लागला होता. त्याच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. पोटासाठी तो पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून द्यायचा आणि जिवासाठी कोपरा सांभाळायचा. कोपरा म्हणजे रिंगचा कोपरा. राउंड संपल्याची घंटा झाली की दोऱ्यांमधून स्टूल आत सरकवायचं, खेळाडूला बसवायचं, तोंडातलं रबर काढून पाणी द्यायचं, भुवईवर थंड बोळा दाबायचा, आणि त्या एका मिनिटात ठरवायचं, हा माणूस परत उठायच्या लायकीचा आहे का? नसेल तर खांद्यावरचा टॉवेल रिंगमध्ये फेकायचा. टॉवेल पडला की लढत संपली. जिंकणाऱ्याचा हात वर जातो आणि हरणाऱ्याच्या कोपऱ्याला शिव्या पडतात.

दादाने त्या शिव्या भरपूर खाल्ल्या होत्या, कारण टॉवेल टाकण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

शहर तसं ठोशांवर पोसलेलं. एके काळी साबणाच्या कारखान्याचा क्लब होता, छापखान्याचा होता, बसडेपोचा होता. पाळी सुटली की माणसं डबे बाजूला ठेवून ग्लोव्ह्ज चढवायची आणि डेपोने छापखान्याला लोळवलं की आठवडाभर शहरात दुसरा विषय नसायचा. पुढे कारखाना बंद पडला, छापखान्याच्या जागी गाड्या उभ्या राहायला लागल्या, आणि क्लब उरला एकच, टायरच्या गोदामावरच्या मजल्यावर. खालून रबराचा वास, वरून घामाचा, आणि मधल्या जिन्यावर जुन्या विजेत्यांचे फोटो. सगळे एकाच पवित्र्यात, मुठी हनुवटीशी, नाकं वाकडी. नवी पोरं जिना चढता चढता त्यांची टर उडवतात. "हा बघ, हा निघालाय इकडे आणि ह्याचं नाक निघालंय तिकडे." पण एखादा फोटो तिरका झालेला दिसला तर हळूच सरळही करतात.

सगळ्यात वरचा फोटो भिंगरीच्या आईच्या वडिलांचा. ते क्लबचे पहिले मास्तर. आपला माणूस पायावर उभा आहे तोवर लढत संपलेली नाही, असा त्यांचा खाक्या. आणि त्यांचा हक्काचा माणूस म्हणजे दादा. दादा चपळ नव्हता, पण चिवट होता. मार खायचा, हसायचा, परत मार खायला हजर. ती तेव्हा फ्रॉकमधली पोर. बादली धरायला तिला कोपऱ्यात उभी करत. तिला आठवतं, वडील दादाला कधी काही विचारायचे नाहीत. तोंडावर पाणी मारायचे आणि म्हणायचे, "चल." दादा उठायचा.

एकदा असाच एक सामना जिंकून दादा घरी आला आणि दारात उभा राहून त्याने आपल्या आईला विचारलं, "हे कुणाचं घर?" वडील हसले. म्हणाले, "दमलाय." आई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने दादाचे ग्लोव्ह्ज उचलले आणि भंगारवाल्याला देऊन टाकले. वडिलांनी आकाशपाताळ एक केलं, पण दादा परत रिंगमध्ये उतरला नाही. तो कोपऱ्यात गेला. आणि कोपऱ्यात जाताना आपले तीन प्रश्न घेऊन गेला.

कितवा राउंड झाला? समोरच्याचा कुठला हात जड आहे? माझ्या खिशात काय आहे?

तिसऱ्या प्रश्नाची गंमत अशी की लढतीआधी, हातांना पट्ट्या बांधून झाल्या की, दादा खेळाडूला एक वस्तू दाखवायचा. बटण, खिळा, मोटारीतला वॉशर, हाताला येईल ते. दाखवायचा आणि खिशात टाकायचा. मग दर राउंडनंतर विचारायचा, खिशात काय? दर लढतीला वस्तू वेगळी. पाठ करून ठेवलेलं उत्तर चालायचं नाही. तिन्ही उत्तरं बरोबर आली की दादा म्हणणार, "शाबास, जा." एक चुकलं की टॉवेल. मग तो खेळाडू कितीही पुढे असो, हॉल कितीही बोंबलो. क्लबमध्ये नव्याने आलेल्या पोराला पहिला धडा ठोशाचा मिळायचा नाही, हाच मिळायचा. "मार खाणाऱ्याला कळत नाही रे," दादा सांगायचा, "की आपण गेलोय. त्याला वाटतं, मी झकास आहे. म्हणून तर कोपऱ्यात दुसरा माणूस ठेवतात."

याची किंमत त्याने मोजली होती. क्लबचा आजचा प्रशिक्षक, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणतात, तो तरुणपणी शहराच्या अंतिम लढतीत जिंकायच्या बेतात होता. दादाने विचारलं, खिशात काय? भोंगा म्हणाला, "रुमाल." खिशात खिळा होता. टॉवेल पडला. हॉलने दादावर खुर्च्या फेकायच्या बाकी ठेवल्या. त्याच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी रात्रीतून 'भित्रा' असं रंगवून गेलं. ती अक्षरं पुसायला दादाने नकार दिला, म्हणाला, रंग चांगला आहे, गंज धरणार नाही. भोंगा दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. मग त्याच प्रतिस्पर्ध्याने डेपोच्या एका पोराला असा मारला की ते पोर जे खुर्चीत बसलं ते कायमचं. ते आता आपल्या बहिणीच्या घरी खिडकीशी बसून असतं, चमच्याने भरवावं लागतं. भोंगा त्याला बघून आला आणि तिथून तडक दादाच्या दुकानात जाऊन दिवसभर मोटारींच्या ढिगात बसून राहिला. संध्याकाळी म्हणाला, "मामा, उद्यापासून मी क्लबात पोरं शिकवायला येतो."

असा हा दादा. म्हणूनच दोन आठवड्यांपूर्वी जे झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, तरी तिला पटवून घेता येईना.

शहराच्या संघासाठी निवड चालू होती. भिंगरीची उपांत्य लढत. पोरीचे पाय रिंगमध्ये एका जागी ठरत नाहीत म्हणून तिला क्लबने भिंगरी नाव दिलेलं, पण त्या दिवशी दुसऱ्या राउंडच्या शेवटी ती क्षणभर ठरली, आणि तेवढ्यात समोरच्या पोरीचा उजवा हात कानशिलावर बसला. हेडगार्ड सरकलं. घंटा झाली. भिंगरी चालत कोपऱ्यात आली, स्टुलावर बसली. आई दोऱ्यांच्या बाहेर, हात लांबवला तर पोरीच्या पाठीला लागेल इतक्या जवळ. दादाने पाणी दिलं, डोळ्यात बघितलं.

"कितवा राउंड झाला?"

"पहिला."

आईने दादाच्या खांद्यावरच्या टॉवेलकडे बघितलं. आता टॉवेल पडणार. वाईट वाटलं, हायसंही वाटलं.

"समोरची कुठल्या हाताची?"

"उजव्या."

"खिशात काय?"

"किल्ली."

लढतीआधी आई ड्रेसिंग रूममध्ये होती. दादाने त्या दिवशी दाखवलं होतं ते तांब्याच्या तारेचं वेटोळं. किल्ली त्याच्या आधीच्या लढतीतली.

"शाबास," दादा म्हणाला. "जा."

आणि पोरगी गेली. तिसरा राउंड नुसत्या पायांवर खेळली, मार चुकवत राहिली आणि गुणांवर जिंकली. भोंग्याने तिला खांद्यावर घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईनेही वाजवल्या. घरी जाताना बसमध्ये तिने विचारलं, "दुसऱ्या राउंडनंतर मामाला काय सांगितलंस गं?"

"काय सांगणार? नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे काय?"

"आई, तू आता मास्तरकी सुरू करू नकोस. एक भोंगा पुरे आहे मला." आणि खिडकीला डोकं टेकून भिंगरी झोपली. थांबा येईपर्यंत आई तिच्याकडे बघत बसली.

पुढच्या आठवड्यात कामावरून सुटल्यावर ती सरळ दादाच्या दुकानात गेली. शटरमागची लांबट खोली. वार्निशचा घशात बसणारा वास, भिंतीवर तारेची रिळं, टेबलावर पोट उघडून ठेवलेली मोटार. दादा साच्यावर तार गुंडाळत होता. एका हातात हँडल, दुसऱ्या हाताच्या बोटांतून सुळसुळत जाणारी तार. हे तिला लहानपणापासून बघायला आवडायचं. दादा मनातल्या मनात वेढे मोजायचा, मध्येच गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा, कुणाची टिंगल करायचा, पण वेढा चुकायचा नाही. आज शेजारच्या स्टुलावर वहिनी बसली होती आणि वेढे ती मोजत होती. मोठ्याने, शाळेतल्या मुलीसारखी.

"वहिनी, हे कधीपासून?"

वहिनीने नुसता हात वर केला. कॉइल पुरी झाली, तिने दोऱ्याने बांधली आणि मग म्हणाली, "घरी करमत नाही गं. म्हणून येते."

"हिला घरी करमत नाही," दादा म्हणाला, "आणि आता मला इथे करमत नाही. तू कशी काय, चष्मेवाली? माझा नंबर काढायला आलीस?"

"सहज आले."

"सहज येणाऱ्याला चहा मिळतो. थांब." तो चप्पल घालून समोर चहा सांगायला गेला.

तो दृष्टीआड झाला तशी वहिनी म्हणाली, "टेबलाखाली बघू नकोस." म्हणजे बघच. टेबलाखाली मोटारी दाटीवाटीने ठेवल्या होत्या. सगळ्या परत आलेल्या. कुठे वेढे कमी पडले होते, कुठे जास्त. एकीतून तर गिऱ्हाइकाने बटण दाबताच धूर निघाला होता.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाले, वयाप्रमाणे थोडं होतंच."

"त्यांना सांगितलंस, की याने तरुणपणी डोक्यावर एवढा मार खाल्लाय?"

वहिनी तारेचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्यांदा क्लब बंद करायला लावला असता. दुकान मी रेटीन गं. मोजायला मी आहे. पण कोपरा गेला तर या माणसाने सकाळी उठून अंगात शर्ट कशासाठी घालायचा, सांग?" मग तिने नणंदेचा हात धरला. "तुला कळलंय, ते मला कळलंय. एवढं रविवारचं होऊ दे. भाचीची अंतिम लढत आहे, तिच्यात त्याचा किती जीव अडकलाय. एवढं झालं की मी स्वतः त्याला घरी बसवते. तोवर तुझ्या तोंडातून शब्द नको."

दादा चहा घेऊन आला. दोनच पेले आणले होते. वहिनी पटकन म्हणाली, "मला नकोच होता."

तोंडातून शब्द नको म्हटलं तरी मन ऐकतंय कुठे? तिने भोंग्याला क्लबच्या जिन्यावर गाठलं.

"ताई, मामा विसरतो? काहीतरीच!" भोंगा म्हणाला. "मी कुठल्या साली कुणाचा मार खाल्ला ते तो चारचौघात सांगतो. इज्जत ठेवत नाही माझी."

"जुनं सगळं आठवतं रे त्याला. राउंड कितवा ते आठवत नाही."

"हॉलमध्ये आवाज केवढा असतो! मला माझं बोलणं ऐकू येत नाही."

"तुझं बोलणं पुढच्या चौकात ऐकू येतं."

भोंगा हसला. मग त्याचं हसू ओसरलं. जिन्यावरच्या कठड्याला टेकून तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "ताई, आज मी माझ्या हाताने जेवतो ते त्याच्यामुळे. त्याला मी सांगू, उद्यापासून येऊ नकोस? जीभ झडेल माझी."

"मग कुणी सांगायचं?"

"रविवारपुरतं कुणीच नको. मी आहे ना शेजारी."

"स्टूल घेऊन आत एकच माणूस जातो. तू खाली असतोस आणि तिच्या पायांकडे बघतोस. डोळ्यांत बघायला दादा असतो."

वर कुणीतरी दोरीवरच्या उड्या चुकवत होतं, त्याच्यावर ओरडत भोंगा निघून गेला.

मग तिने ठरवलं, इकडेतिकडे हिंडण्यापेक्षा सरळ दादाशीच बोलावं. गुरुवारी ती क्लबात जाऊन बाकावर बसली. दादा भिंगरीच्या हातांना पट्ट्या बांधत होता. अंगठ्यातून फास, मनगटाला वेढे, बोटांच्या पेरांवरून, बोटांच्या मधून, परत मनगट. त्या हातांना कुणी मोजून द्यावं लागत नव्हतं. कुठे सुरकुती नाही, कुठे ढील नाही. "मूठ कर," तो म्हणाला. "घट्ट वाटतंय?" "नाही मामा." "मग पळ. आणि जरा खात जा, तुझ्या मनगटापेक्षा पट्टी जाड झालीय."

भिंगरी बॅगवर ठोसे मारायला गेली. दादा बहिणीशेजारी येऊन टेकला.

"बोल," तो म्हणाला. "आठवडाभर तुझं तोंड बघतोय. दात दुखतोय का?"

"दादा, मागच्या लढतीत तुझ्या खिशात काय होतं?"

"माझीच परीक्षा?" तो हसला. "किल्ली."

"तार होती, दादा. तारेचं वेटोळं. मी तिथे होते. ड्रेसिंग रूममध्ये तू तिला दाखवलंस."

दादाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. मग म्हणाला, "मग पोरगी किल्ली का म्हणाली?"

हा तिचा दादा होता. अगदी पुरा. स्वतःचं चुकलं त्याचं त्याला काही नव्हतं. पोरगी चुकली होती आणि त्याने तिला परत पाठवली होती, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तो उठून उभा राहिला. बॅगपाशी नाचणाऱ्या भाचीच्या पायांकडे बघायला लागला, जसं तो पूर्वी बघायचा, मान किंचित तिरकी करून. "डावा पाय ओढतेय," तो पुटपुटला. "हे कधीपासून? बोलव तिला. आधी बोलव."

"भिंगरे!" आईने हाक मारली.

तेवढ्यात पलीकडून भोंगा ओरडला, "मामा, चिकटपट्टी कुठे ठेवलीय?" आणि दादा वळला. कपाटापाशी गेला, वरचा खण उघडला, खालचा उघडला, चिकटपट्टी काढून दिली, कुणाच्या तरी पाठीत थाप मारली. परत येऊन बाकावर बसला. भिंगरी समोर येऊन उभी होती, धापा टाकत.

"काय मामा?"

"काय?" दादा म्हणाला. त्याने भाचीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. "छान चाललंय. हात वर ठेव." आणि बहिणीला म्हणाला, "हां, काय म्हणत होतीस? दात दुखतोय ना?"

ती म्हणाली, "हो. दुखतोय."

घरी जाताना तिच्या मनात दादाचंच वाक्य फिरत होतं, मार खाणाऱ्याला कळत नाही. पूर्वी ते तिला रिंगमधल्या पोरांबद्दल वाटायचं.

तरी शुक्रवार तिने ढकलला. काय न जाणो, भोंगा म्हणतो तसं आवाजामुळे झालं असेल. काय न जाणो, रविवारी पोरीला एकही ठोसा लागणार नाही. आईच्या मनाला अशा वेळी कुठलीही फळी धरायला चालते.

शनिवारी दुपारी, दुकानात गर्दी नव्हती तेव्हा भिंगरी आली. बाटलीतलं पाणी गटागटा प्यायली आणि म्हणाली, "आई, माझे डोळे बघ ना जरा. नंबर लागलाय बहुतेक. पाट्या लांबून नीट दिसत नाहीत."

"बस."

डोळे तपासायच्या खोलीत जन्मभर तिचं येणं-जाणं. शाळा सुटल्यावर गृहपाठ ती त्याच खुर्चीत बसून करायची. खुर्चीत बसली, पाय हलवायला लागली आणि समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून मोकळी झाली. शेवटची ओळसुद्धा, जी गिऱ्हाइकांपैकी क्वचितच कुणाला दिसते.

आईने हे खूप पाहिलं होतं. गाडी चालवायचा परवाना हवा असणारे लोक आदल्याच्या तोंडून ऐकून तक्ता पाठ करतात. ती उठली आणि तक्ता उलटा करून मागची बाजू पुढे केली.

"आता वाच."

भिंगरी पहिली दोन अक्षरं बोलली. मग डोळे बारीक केले. मान एका बाजूला कलवली. दुसऱ्या बाजूला कलवली.

"ह्या बाजूला ओळी जवळजवळ छापल्यात," ती म्हणाली. "एकावर एक चढल्यात."

"नाही छापलेल्या. एक डोळा झाक."

एक डोळा झाकला की ओळ सुटी दिसत होती. दोन्ही उघडले की एकाच्या दोन. आईने भिंगं लावून बघितली, बदलली, काढून ठेवली. काच घालून भागणारं हे दुखणं नव्हतं. आवाज तिने गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसाच ठेवला.

"कधीपासून होतंय?"

"सर्दी असेल गं."

"कधीपासून, भिंगरे?"

पोरीने पाय हलवायचे थांबवले. "त्या लढतीपासून. सारखं नाही, येतं-जातं. डोकंही दुखतं कधीकधी. आई, मामाला सांगू नकोस. त्याला कळलं ना, तर तो मला उतरूच देणार नाही. टॉवेल घेऊन घरीच येईल."

आईला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. पोरीचा मामावर केवढा विश्वास! त्याच्या डोळ्यांतून आपलं काही सुटत नाही याची तिला एवढी खात्री, की ती त्याच्यापासूनच लपवत होती.

"त्याला कळलं होतं," आई म्हणाली. "परवा. अर्धं मिनिट."

"म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं. किल्लीचं, तारेचं, टेबलाखालच्या मोटारींचं. भिंगरी ऐकता ऐकता लाल झाली. "खोटं आहे. मामा मला कधीच तसं पाठवणार नाही. मी बरोबरच सांगितलं असणार."

"काय सांगितलंस ते आठवतंय तुला?"

भिंगरीला ते उत्तर काय, तिसऱ्या राउंडचंही काहीच आठवत नव्हतं; कसं जिंकलो ते तिने मैत्रिणीच्या फोनवरच्या चित्रफितीत बघितलं होतं. हे तिने या घडीपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

"उद्याचं होऊ दे," ती शेवटी म्हणाली. "एकच लढत आई. जिंकले तर संघात जाते. मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येते, म्हणशील तेवढे दिवस झोपून राहते. एक उद्याचं होऊ दे."

वहिनीही हेच म्हणाली होती, भोंगाही हेच. ज्याला त्याला फक्त रविवार पार पडायला हवा होता. आणि रविवारी त्या स्टुलावर ही पोर बसणार होती, एकाच्या दोन मुठी बघणारी, आणि तिच्यासमोर वाकणार होता तो माणूस, ज्याला प्रश्न पाठ होते आणि उत्तरं माहीत नव्हती.

"मी रिंगच्या डॉक्टरीणबाईंना फोन करतेय," आई म्हणाली. या बाई दर स्पर्धेला रिंगशेजारी बसत. त्यांनी नाही म्हटलं की खेळाडू उतरत नसे आणि कोपऱ्यातला माणूसही कोपऱ्यात जात नसे.

"तू फोन केलास ना," भिंगरी खुर्चीतून उठली, "तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"नको बोलूस."

पोरगी दार आपटून गेली. रस्ता ओलांडताना ती मध्येच थांबली, दोन्ही बाजूंना दोनदा बघितलं, आणि मगच पलीकडे गेली. आई काचेतून बघत होती.

आता फक्त पोरीचंच सांगावं, असा एक मोह तिला झाला. तिचं डोकं दुखतं, एकाच्या दोन दिसतात, तिला उतरवू नका. एवढं सांगितलं की आपलं काम झालं. दादाचा कोपरा शाबूत राहील, वहिनीचा शब्द राहील, भावाच्या घरची पायरी चढायला तोंड राहील. पण मग पुढे कधीतरी त्या स्टुलावर दुसरी कुणीतरी बसणार. तिचीही आई दोऱ्यांच्या बाहेर उभी असेल. तीही कुणाला तरी सांगत असेल, मला घोर नाही, कोपऱ्यात मामा आहेत.

दादा तिच्याशी बोलणं टाकेल का? टाकेल. कदाचित दोन दिवसांनी विसरून जाईल की बोलणं टाकलंय, आणि ते जास्त जिव्हारी लागेल. वहिनी मात्र विसरणार नाही.

तिने मालकांना सांगितलं, मी जरा मागे आहे, कुणी आलं तर बसवून ठेवा. मागच्या खोलीत खोक्यांच्या मध्ये उभी राहून तिने नंबर शोधला. बोलायचं काय ते मनात जुळवलं आणि एक गोष्ट पक्की केली, आधी दादाचं सांगायचं, पोरीचं नंतर. उलट केलं असतं तर पोरीचं बोलून झाल्यावर तिच्यात तेवढा धीर उरला नसता.

आणि तिने फोन लावला.